गुलबर्गा, बीदर, विजापूर : तीन दिवसांच्या इतिहास सहलीचा सविस्तर रिव्ह्यू

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज पेपर तपासून संपले म्हणून बसलेच. डिसेंबरात आम्ही तिघं, मी, माझी नववीतली लेक आणि माझे सासरे (घरात सगळे त्यांना अण्णा म्हणतात, वय ७८), सोलापूरहून निघणाऱ्या एका इतिहास सहलीला जाऊन आलो. सहल काढणारे दोघंच आहेत, एक इतिहासाचे रिटायर्ड प्राध्यापक, त्यांना सगळे सरच म्हणतात, आणि दुसरा त्यांचाच जुना विद्यार्थी, तो गाडी, हॉटेल, जेवण, तिकिटं बघतो. नाव मुद्दाम लिहीत नाही कारण पुढे तक्रारीही आहेत, त्या मी त्यांना फोन करून सांगितल्यात आणि त्यांनी नीट ऐकून घेतल्यात.

माणशी ८,५०० रुपये घेतले, त्यात टेम्पो ट्रॅव्हलर, दोन रात्रींचं हॉटेल, नाश्ता आणि दोन वेळचं जेवण, फक्त शेवटच्या दिवशीचं दुपारचं जेवण आणि तिकिटं आपली आपण. १७ सीटची गाडी होती आणि आम्ही १४ जण, त्यामुळे अण्णांना पाय लांब करून बसता आलं. ड्रायव्हर मामा अतिशय शांत माणूस, एकदाही ओव्हरटेकची घाई नाही.

मी स्वतः लातूरला शाळेत इतिहास शिकवते. बहामनी (दख्खनमधलं जुनं सुलतानी राज्य, जे मोडून पुढे पाच शाह्या झाल्या) म्हटलं की आपल्याकडे काय होतं, पोरं पाच शाह्यांची नावं पाठ करतात, वऱ्हाडची इमादशाही, अहमदनगरची निझामशाही, बीदरची बरीदशाही, विजापूरची आदिलशाही, गोवळकोंड्याची कुतुबशाही, जोड्या लावा मध्ये पाच मार्क मिळाले की संपलं. मीही तसंच शिकले आणि खरं सांगायचं तर बरीच वर्षं तसंच शिकवलं. एक राज्य मोडून पाच राज्यं झाली म्हणजे नेमकं काय झालं, एक दिवस सकाळी उठून कोणी म्हटलं का की आजपासून मी राजा, आणि गावातल्या माणसाला ते कळलं कसं, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. ह्या सहलीत ते कळलं आणि म्हणून हा एवढा मोठा रिव्ह्यू.

गाडीने अक्कलकोट सोडलं तसा सरांनी प्रत्येकाला भारताचा एक कोरा नकाशा, एक पेन्सिल आणि एक खोडरबर दिला. म्हणाले आधी काश्मीर सोडून जवळजवळ सगळा देश पेन्सिलने काळा करा, हा १३३० च्या आसपासचा महंमद तुघलक, दिल्लीहून थेट मदुराईपर्यंत. मग सांगत गेले तसं आम्ही खोडत गेलो. आधी मदुराई सुटलं, मग १३३६ ला विजयनगर, १३३८ ला बंगाल, १३४७ ला आपलं दख्खन, तुघलक गेल्यावर १३८२ ला खानदेशात थाळनेरचे फारुकी, १३९४ ला जौनपूर, मग १३९८ ला तैमूर दिल्ली लुटून गेला आणि पुढच्या नऊ वर्षांत माळवा आणि गुजरात. शेवटी दिल्लीच्या भोवती पेन्सिलचा एवढासा डाग उरला. लेकीचे दोन्ही हात काळे झाले होते आणि ती तो नकाशा बघत बसली, म्हणाली आई हे तर सत्तर ऐंशी वर्षांतच झालं की. मी वीस वर्षं फळ्यावर सनावळ्या लिहितेय पण हे असं डोळ्यांसमोर कधी उभं राहिलं नव्हतं.

मग प्रश्न आला की का. सरांची पद्धत अशी की आधी राजाचं नाव सांगत नाहीत, आधी महसूल सांगतात. दख्खनमध्ये सदा अमीर नावाचे अधिकारी होते, सदा म्हणजे शंभर, साधारण शंभर गावांचा वसूल आणि बंदोबस्त ज्यांच्याकडे ते. शेतकऱ्याला दिल्लीचा सुलतान माहीत नाही, त्याला हा अमीर माहीत. दौलताबादला राजधानी आणली तेव्हा दिल्लीहून सरदार, सूफी, कारागीर, व्यापारी असं एक अख्खं शहर इकडे आलं होतं, तुघलक परत गेला पण ही माणसं बरीचशी इथेच राहिली, त्यांची मुलं इथे जन्मली. पुढे वसुली कमी आली म्हणून तुघलकाने ह्या अमिरांवर संशय घेतला आणि धारला त्याच्या अधिकाऱ्याने ऐंशीहून जास्त अमिरांची मुंडकी उडवली. ती बातमी दौलताबादला पोचली आणि तिथल्यांना कळलं की आता आपलीही पाळी आहे. म्हणजे बंड आधी जिवाच्या भीतीने झालं, राज्य स्थापन करायचं कोणाच्या मनातसुद्धा नसेल. आधी इस्माईल मख नावाच्या वयस्कर अमिराला गादीवर बसवलं, तुघलक स्वतः फौज घेऊन आला, दौलताबादला वेढा घातला, तेवढ्यात गुजरातेत बंड झालं म्हणून त्याला तिकडे धावावं लागलं, आणि त्या मोकळ्या जागेत हसन नावाचा अमीर पुढे आला. इस्माईलने आपणहून गादी सोडली आणि ३ ऑगस्ट १३४७ ला हसन अलाउद्दीन बहमनशाह झाला. तुघलक परत आलाच नाही, १३५१ ला तिकडे सिंधमध्ये वारला.

इथे मला सरांचा खरेपणा फार आवडला. गाडीतल्या एका काकांनी विचारलं की हसन हा गंगू नावाच्या ब्राह्मणाचा नोकर होता आणि त्याची आठवण म्हणून बहमनी नाव घेतलं ना. सर म्हणाले ही गोष्ट फार नंतर लिहिली गेली आहे, ऐकायला गोड आहे पण आधार नाही, तो स्वतःला इराणच्या जुन्या बहमन राजाचा वंशज म्हणवून घेत होता. काका जरा हिरमुसले, पण सरांनी गोष्ट गोड आहे म्हणून खपवली नाही. मी अशा बऱ्याच सहली केल्यात, गाईड लोक टाळ्या पडतील ते सांगतात, इथे तसं एकदाही झालं नाही.

गुलबर्ग्याच्या किल्ल्यातली जामा मशीद आम्ही सकाळी दहाच्या सुमारास बघितली. १३६७ ची. मशीद म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मोठं उघडं अंगण येतं, हौद येतो, इथे अंगणच नाही. सगळीच्या सगळी छताखाली आहे, वर छोट्या छोट्या घुमटांची रांगच रांग आणि आत कमानीमागे कमान, कमानीमागे कमान, बाहेरच्या बाजूच्या कमानी इतक्या रुंद आणि इतक्या खाली टेकलेल्या की वाटतं एवढा भार ह्यांनी पेलला कसा. डिसेंबरातही बाहेर ऊन चटके देत होतं आणि आत पाऊल टाकलं की थंड सावली. सर म्हणाले दिल्लीत असं काहीही नव्हतं, हे बांधणारा कारागीर इराणच्या कझवीनचा होता, रफी त्याचं नाव, आणि ती माणसं इथे दिल्लीवरून आलेलीच नाहीत, समुद्रातून आली, दाभोळ आणि चौल बंदरातून. मग त्यांनी आम्हाला फरशीवर बसवून फक्त एवढंच विचारलं की दिल्लीशी नातं तुटलं तर घोडे कुठून येणार. कोणालाच पटकन सुचलं नाही. घोडे अरबस्तानातून कोकणात उतरणार, तिथून घाट चढून वर येणार. म्हणजे राज्य टिकवायचं तर नुसती तलवार पुरत नाही, आपलं बंदर पाहिजे, घाट पाहिजे, आपलं नाणं पाहिजे. सरांकडे बहामनींचं एक तांब्याचं नाणं आहे, अंगठ्याच्या नखाएवढं, ते त्यांनी सगळ्यांच्या हातात दिलं. झिजून गुळगुळीत झालेलं, पण एका बाजूला अक्षरांचा फराटा बोटाला लागतो. शुक्रवारच्या खुतब्यात, म्हणजे नमाजाच्या वेळच्या प्रवचनात, कोणाचं नाव घेतलं जातं आणि नाण्यावर कोणाचं नाव आहे, त्या काळात राजा कोण हे सामान्य माणसाला ह्या दोनच गोष्टींवरून कळायचं. लेकीने ते नाणं मुठीत धरून ठेवलं, द्यायला तयार नव्हती.

सूफी संत ख्वाजा बंदेनवाजांचा दर्गा आणि हफ्त गुंबज (बहामनींच्या कबरी) पण त्याच दिवशी झालं. दर्ग्यात गर्दी खूप होती म्हणून फार बोलणं झालं नाही. हफ्त गुंबजमध्ये बहामनी सुलतान फिरोजशाहचा मकबरा आतून जरूर बघा, वर मान करून.

संध्याकाळी बीदरला मुक्काम. हॉटेल ठीकठाक, चादरी स्वच्छ, पण गरम पाणी सकाळी सहा ते सातच, हे आदल्या रात्री कोणी सांगितलं नाही त्यामुळे आमच्या शेजारच्या खोलीतल्या ताईंना गार पाण्याने अंघोळ करावी लागली, डिसेंबरात, बीदरच्या थंडीत. आणि गुलबर्गा ते बीदर रस्त्यावर बायकांसाठी नीट टॉयलेट असलेला थांबा घेतला नाही, दोन अडीच तास तसेच गेलो. ज्यांनी सहल काढायची त्यांनी ह्याचा विचार आधी करायला पाहिजे, गाडीत आम्ही आठ बायका होतो. हे मी त्यांना स्पष्ट सांगितलंय.

बीदर मात्र ह्या सहलीचा जीव आहे. अण्णा मूळचे उदगीरचे. त्यांच्या लहानपणी उदगीर बीदर जिल्ह्यातच होतं, १९५६ ला भाषावार राज्यं झाली तेव्हा उदगीर, निलंगा, अहमदपूर इकडे आले आणि बीदर म्हैसूर राज्यात गेलं. म्हणजे अण्णांसाठी हे आपल्या जुन्या जिल्ह्याच्या गावाला जाणं होतं, ते रात्रीपासूनच वेगळेच खुशीत होते.

सकाळी सातला अष्टूरला नेलं, गावाबाहेर, जिथे बहामनींच्या कबरी आहेत. इथे सरांनी दहा मिनिटं काही म्हणजे काहीच सांगितलं नाही, म्हणाले ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जा आणि मला येऊन सांगा काय दिसलं. पहिला अहमदशाह वलीचा मकबरा, त्यानेच १४२० च्या दशकात राजधानी गुलबर्ग्याहून इथे आणली, भलामोठा, आत सगळं रंगकाम, लाल सोनेरी, अंधारात डोळे सरावले की हळूहळू दिसायला लागतं. मग त्याच्या मुलाचा. मग हुमायूनचा (बहामनी सुलतान, मुघल बादशाह नव्हे), त्याचा अर्धा घुमट कोसळलाय आणि उरलेला अर्धा तसाच आभाळात उभा आहे, भिंतीची जाडी कापलेल्या कलिंगडासारखी दिसते. आणि मग पुढे पुढे कबरी लहान होत जातात. शेवटच्या तर इतक्या लहान की जवळ गेल्याशिवाय कळत नाही कोणा सुलतानाची म्हणून. लेक धावत परत आली आणि म्हणाली सर, ते छोटे होत गेले. सर म्हणाले बस, बहामनी राज्याचा इतिहास तुला कळला. मला तिथे एकदम भरून आलं, का ते सांगता येणार नाही.

अहमदशाहचा उरूस आजही भरतो आणि त्याचा मान एका लिंगायत जंगमाकडे असतो हेही तिथेच कळलं. अण्णांना ते आधीच माहीत होतं, त्यांच्या वडिलांनी सांगितलेलं.

दुपारी महमूद गवानचा मदरसा. आता इथे थोडं जास्त लिहिते कारण माझ्या मते सगळी सहल ह्या एका जागेसाठी करावी. गवान इराणच्या गीलानचा, व्यापारी म्हणून दाभोळला उतरला, १४५३ च्या आसपास, आणि पुढे बहामनींचा वजीर झाला. १४७२ ला हा मदरसा बांधून पुरा केला, तीन मजली, समोर दोन उंच मिनार, त्यातला आता एकच उभा आहे. औरंगजेबाच्या काळात आत बारूद साठवली होती तिचा स्फोट झाला आणि अर्धी दर्शनी बाजू गेली. जी उरलीय तिच्यावर निळ्या, पांढऱ्या, पिवळ्या टाइल्स अजून चिकटून आहेत, कुठे वीतभर, कुठे एखादंच अक्षर. उन्हात तो निळा रंग इतका ताजा दिसतो की वाटतं काल लावलाय. मिनाराच्या पायथ्याशी नागमोडी पट्ट्यांमध्ये त्या बसवल्यात, हाताने शिवू नका अशी विनंती, आमच्यासोबतच्या एकांनी नखाने उकरून बघितलं आणि सर त्यांच्यावर चांगले रागावले, योग्य केलं.

गवानने केलं काय तर राज्याचे जे चार मोठे तरफ होते, म्हणजे सुभे समजा, त्यांचे आठ केले. प्रत्येक तरफदाराच्या हातात एकच किल्ला ठेवला, बाकी किल्ल्यांवर सुलतानाने नेमलेले किल्लेदार. जमीन मोजली. प्रत्येक तरफातला काही मुलूख थेट सुलतानाच्या खजिन्यासाठी काढून घेतला. त्याला दिसत होतं की १३४७ ला जे तुघलकाचं झालं तेच उद्या बहामनींचं होणार, दूरचा अधिकारी जर वसूल, किल्ला आणि फौज तिन्ही आपल्याकडे ठेवत असेल तर तो राजाच आहे, फक्त अजून तसं म्हणत नाही एवढंच. पण ज्यांचे किल्ले गेले ते चिडले. त्यात दरबारात दोन तट आधीपासूनच होते, दख्खनी म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेले, आणि आफाकी म्हणजे इराण, तुर्कस्तान, अरबस्तानातून नवे आलेले. गवान आफाकी. त्याच्या शिक्क्याची मोहोर सांभाळणाऱ्या माणसाला फितवून कोऱ्या कागदावर शिक्का मारून घेतला आणि त्यावर ओरिसाच्या राजाला स्वारीचं निमंत्रण देणारं पत्र लिहिलं. सुलतानाने, तोही नशेत, चौकशी न करता ५ एप्रिल १४८१ ला गवानचं डोकं उडवायला लावलं. सुलतान स्वतः वर्षभरात गेला.

सर हे सांगताना पायरीवर बसले होते आणि आम्ही सगळे खाली अंगणात, दीड वाजून गेला होता, कोणालाही उठावंसं वाटत नव्हतं. मग त्यांनी विचारलं पुढे कोण कोण राजे झाले ते आठवा. वऱ्हाडचा फतहुल्ला इमादुल्मुल्क, तो तरफदारच. युसुफ आदिलखान, तोही तरफदार. मलिक हसनचा मुलगा मलिक अहमद, तो जुन्नरला होता, त्याने शिवनेरी घेतला, आजूबाजूचे किल्ले घेतले, त्याच्यावर चालून आलेल्या बहामनी फौजेला २८ मे १४९० ला भिंगारजवळ हरवलं, आणि त्याच जागी अहमदनगर उभं राहिलं. तोच शिवनेरी, जिथे पुढे १६३० ला शिवाजी महाराजांचा जन्म झाला. गोवळकोंड्याचा कुली कुतुबुल्मुल्क तेलंगणाचा तरफदार. आणि कासिम बरीदला तर कुठे जायचीही गरज पडली नाही, तो बीदरमध्येच सुलतानाला हाताशी धरून बसला, औसा, कंधार, उदगीर हे किल्ले त्याच्याकडे. (उदगीरचं नाव आलं तसे अण्णा सरसावून बसले.) १४९० च्या आसपास हे सगळं घडलं पण गंमत बघा, बहामनी सुलतान महमूदशाह १५१८ पर्यंत गादीवर होता, नावाला त्याचं राज्य, आणि कुतुबुल्मुल्क तर तोपर्यंत त्याचा मान राखून होता. बरीदांनी स्वतःला शाह म्हणवून घ्यायला १५४० चं दशक उजाडलं. म्हणजे राजा व्हायचं म्हणजे आधी वसूल पाठवायचं थांबवायचं, मग किल्ल्यात आपला माणूस बसवायचा, मग आपल्या नावाचा खुतबा, आणि छत्र सिंहासन सगळ्यात शेवटी. आम्ही शाळेत फक्त तो शेवटचा भाग शिकवतो.

ह्या मलिक अहमदचा बाप मलिक हसन मूळचा पाथरीच्या ब्राह्मण घराण्यातला असं सांगतात आणि इमादुल्मुल्क जन्माने विजयनगरकडचा कानडी हिंदू, लढाईत लहानपणी पकडला गेलेला. हे ऐकून गाडीतल्या कॉलेजच्या मुलांमध्ये बरीच चर्चा झाली, चांगली चर्चा, आवाज न चढवता, आणि सरांनी ती होऊ दिली.

पण ह्या सगळ्यात जेवायला पावणेचार झाले. अण्णांना शुगर आहे. माझ्या पिशवीत बिस्किटं आणि राजगिऱ्याचा लाडू होता म्हणून निभावलं, नाहीतर अवघड होतं. सर बोलायला लागले की घड्याळ बघत नाहीत आणि तो विद्यार्थी त्यांना थांबवायला बिचकतो, पण ज्येष्ठ माणसं बरोबर असतील तर थांबवायलाच पाहिजे. जेवण मात्र आलं तेव्हा झकास, ज्वारीची पातळ कडक भाकरी, भरलं वांगं, शेंगाची चटणी, दही. ह्याला बेळगाव काय आणि सोलापूर काय, सगळा एकच मुलूख.

त्यानंतर बिदरीच्या कारागिराकडे. दुकान नाही, घरच, पुढच्या खोलीत तिघं जण फरशीवर बसून काम करत होते. जस्तात थोडं तांबं घालून ओतलेली सुरई असते, करड्या रंगाची, तिच्यावर आधी मोरचूद फासून ती काळी करतात म्हणजे नक्षी काढलेली रेघ दिसते. मग बारीक छिन्नीने रेघ कोरायची, त्या चरीत चांदीची तार ठोकून बसवायची, घासायची, आणि सगळ्यात शेवटी किल्ल्यातली माती आणि नवसागर एकत्र उकळून त्यात ती बुडवायची. जस्त काळंकुट्ट होतं आणि चांदी पांढरी ती पांढरीच राहते. माती कुठलीही चालत नाही, जुन्या बांधकामाच्या आत जिथे वर्षानुवर्षं ऊन पाऊस लागलेला नाही तिथली लागते, आणि ती बरोबर आहे का हे म्हातारे कारागीर जिभेवर ठेवून सांगतात. त्यांनी आमच्यासमोर एक छोटी डबी त्या पाण्यात घातली आणि मिनिटाभरात काढली. मी डोळ्यांनी बघितलं तरी विश्वास बसेना.

अण्णा तिथे त्या कारागीर चाचांशी दख्खनीत बोलायला लागले. घरात आम्ही ती कधी ऐकत नाही. चाचा म्हणाले कां से आए जी, अण्णा म्हणाले उदगीर से, तर चाचा म्हणाले हौ, उदगीर तो अपनाच है. मग दोघं अर्धा तास कोणत्या बाजारात काय मिळायचं ह्यावर बोलत बसले. ही भाषासुद्धा त्याच राज्यांची देण आहे, दिल्लीकडून आलेली बोली इथे मराठी, कानडी, तेलुगूत मुरली आणि विजापूर गोवळकोंड्याच्या दरबारात तिच्यात कविता झाली. मी एक छोटी कुंकवाची डबी घेतली, भाव केला नाही, करावासा वाटला नाही.

तिसऱ्या दिवशीचं प्लॅनिंग मात्र चुकलंय, हे अगदी स्पष्ट लिहिते. बीदर ते विजापूर अंतर मोठं आहे, पहाटे पाचला निघूनही पोचायला अकरा वाजून गेले. गोलघुमट, जामा मशीद, मलिक-ए-मैदान, इब्राहिम रोजा, बाराकमान हे सगळं एका दुपारात बघायचं म्हणजे नुसतं पळणं. गोलघुमट म्हणजे महंमद आदिलशाहची कबर, १६५६ ची, घुमट बाहेरून ४४ मीटर रुंद आणि आत मध्ये एकही खांब नाही. वरच्या गॅलरीत भिंतीशी कुजबुजलं की पलीकडे ऐकू येतं, पण आम्ही गेलो तेव्हा शाळांच्या दोन सहली वर होत्या, सगळी पोरं एकदम ओरडत होती, काही म्हणजे काही कळलं नाही. तिथे सकाळी उघडल्या उघडल्याच जायला पाहिजे. अण्णा जिने चढणं शक्यच नव्हतं, तो विद्यार्थी आपणहून खाली त्यांच्याजवळ थांबला, त्याचं मनापासून कौतुक.

विजापुरातली माझी आवडती जागा म्हणजे ती मलिक-ए-मैदान तोफ. ५५ टनांची आहे म्हणतात. तोंडाशी सिंहाचा जबडा आणि त्याच्या दातांत चिरडलेला हत्ती, जवळ जाऊन बघितलं की हत्तीचा डोळासुद्धा दिसतो. ही ओतली अहमदनगरला १५४९ मध्ये निझामशाहीत, तिथून परांड्याच्या किल्ल्यावर गेली, आणि निझामशाही मोडकळीला आली तेव्हा १६३२ मध्ये आदिलशाहीतल्या मुरार जगदेवाने ती परांड्याहून विजापूरला आणली. राज्यं कशी उठली आणि एकमेकांना कशी गिळत गेली ते ह्या एका तोफेच्या प्रवासात आहे. १५७४ ला निझामशाहीने वऱ्हाड घेतलं, १६१९ ला आदिलशाहीने बीदर घेतलं, १६३६ ला निझामशाही संपली, आणि मग १६८६ ला विजापूर आणि १६८७ ला गोवळकोंडा औरंगजेबाने घेतले. म्हणजे १३४७ नंतर तीनशे चाळीस वर्षांनी पुन्हा दिल्लीकडून कोणी दख्खन पुरतं काबीज केलं, आणि तोवर रायगडावर १६७४ चा राज्याभिषेक होऊन गेला होता. मालोजी, शहाजी ह्याच दरबारांत वाढलेले, ह्याच किल्ल्यांची आणि ह्याच हिशेबांची माहिती असलेले.

हिशेबावरून आठवलं. पहिल्या इब्राहिम आदिलशाहने वसुलीचे हिशेब फारशीऐवजी मराठीत लिहायला लावले. सरांनी हे इब्राहिम रोजाच्या सावलीत सांगितलं (तो रोजा दुसऱ्या इब्राहिमचा, ज्याला जगद्गुरू म्हणत आणि जो सरस्वतीला वंदन करून गाणी लिहायचा) आणि मग मुलांना म्हणाले ह्या राज्यांनी दिलेले शब्द सांगा. वसूल, जमा, हवालदार, किल्लेदार, अर्ज, जमीन. लेक म्हणाली दप्तर. सर म्हणाले बरोबर, तेव्हा त्यात कागद असायचे, तुझ्या पाठीवरच्यातही कागदच आहेत.

अजून दोन गोष्टी कमी वाटल्या. एक म्हणजे विजयनगर. बहामनी आणि विजयनगर रायचूर दोआबासाठी (कृष्णा आणि तुंगभद्रेच्या मधला मुलूख) दीडशे वर्षं भांडले, एकाशिवाय दुसरं समजत नाही, दख्खनच्या शाह्यांनी विजयनगरला हरवलं त्या तालिकोटच्या १५६५ च्या लढाईवर तरी अर्धा तास हवा होता, तो धावत्या गाडीत दहा मिनिटांत उरकला. दुसरं म्हणजे शेतकरी. सगळा मामला वसुलाचा म्हणता तर तो देणारा कुठे आहे. १३९६ पासून दख्खनमध्ये दुर्गादेवीचा दुष्काळ पडला, गावंच्या गावं ओस पडली, त्याबद्दल मीच विचारलं तेव्हा सर बोलले आणि फार चांगलं बोलले, मग आधी का नाही. त्यांनी दिलेल्या पुस्तिकेतली अक्षरंही फार बारीक आहेत, अण्णांना भिंग घेऊन वाचावी लागली, पण त्यांनी पूर्ण वाचली.

एकूण पाचपैकी साडेचार देईन, अर्धा कापला तो जेवणाच्या वेळा, टॉयलेट आणि तिसऱ्या दिवसाच्या धावपळीसाठी. चार दिवसांची करा, दोन हजार जास्त घ्या, लोक देतील. आठवीच्या वरची मुलं न्या, लहान मुलं कंटाळतील. चालण्याचे बूट, टोपी, आणि पिशवीत खायला काहीतरी ठेवाच.

जानेवारीत मी सातवीच्या वर्गात तोच खोडरबरचा नकाशा घेतला. ४१ पोरं, सगळ्यांचे हात काळे, आणि शेवटच्या बाकावरचा एक जण, जो वर्गात कधीच बोलत नाही, तो म्हणाला मॅडम, ज्याच्याकडे किल्ला राहिला त्यालाच राज्य मिळालं ना. तास संपल्याची घंटा झाली तरी मी त्याच्याशी बोलत उभी होते.

पुढची सहल जुन्नर, अहमदनगर (आता अहिल्यानगर) आणि परांड्याची काढतायत, म्हणजे त्या तोफेच्या उलट्या वाटेने. अण्णांनी मला न विचारता फोन करून तीन नावं दिलीत आणि दोन वेळा बजावून सांगितलंय की जेवण एक वाजता पाहिजे.